समजावून सांगितले, तरी चूक तीच

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतील विद्युत पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅच विभाग सांभाळते. विभागातील एक सहकारी वयाने आणि नोकरीनेही माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी केलेल्या ई-वे बिलात, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, गाडीचा क्रमांक वारंवार चुकतो आणि माल फाटकावरच अडकतो. मी दर वेळी केबिनमध्ये बोलावून समजावते, ते ‘हो मॅडम, लक्षात ठेवतो’ म्हणतात आणि पंधरा दिवसांत तोच प्रकार होतो. वरिष्ठ म्हणतात, त्यांना कोचिंग द्या. मग मी आतापर्यंत वेगळे काय करत होते?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : कोचिंग म्हणजे उपाय सांगणे नव्हे, तर प्रश्न विचारून समोरच्याला तो स्वतः शोधू देणे. आपल्या पत्रातील प्रसंगात मात्र बोलणे सगळे आपले आहे आणि काकांच्या वाट्याला केवळ होकार आला आहे. काचेच्या केबिनमध्ये, बाहेर धाकटे सहकारी बघत असताना, वयाने मोठा माणूस ‘हो मॅडम’ याखेरीज दुसरे काय म्हणणार? तो होकार काम समजल्याचा नसून, तिथून लवकर सुटका व्हावी म्हणून दिलेला असतो.

अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये, कामाबद्दल अभिप्राय दिल्याने काय होते, यावरच्या अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अभिप्रायामुळे सरासरीने काम सुधारते हे त्यातून दिसले, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट खालावल्याचेही आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे, की लक्ष हातातल्या कामावरून निघून स्वतःच्या मानापमानाकडे वळले, की अभिप्रायाचा उपयोग कमी होत जातो. केबिनमध्ये बोलावणे आले की नेमके तेच होते.

म्हणून पुढचे काही दिवस काहीही न सांगता, बिल जिथे तयार होते तिथे बसून पाहा. ई-वे बिलाच्या पहिल्या भागात मालाचा तपशील येतो आणि वाहनाचा क्रमांक दुसऱ्या भागात, म्हणजे ‘पार्ट बी’मध्ये, भरला जातो. आता असे समजू, की ट्रान्सपोर्टवाला दुपारी फोनवर एक क्रमांक कळवतो, काका तो भरून मोकळे होतात आणि संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गर्दीतून प्रत्यक्षात दुसरीच गाडी येते. तिचा खरा क्रमांक फाटकावरच्या वहीत वॉचमन लिहितो, पण तो काकांपर्यंत पोहोचतच नाही, कारण त्यांची कंपनीची बस तोवर सुटण्याच्या बेतात असते. आपल्याकडे असेच घडत असेल, तर ‘लक्षात ठेवा’ हा सल्ला कितीही गोड शब्दांत दिला तरी वायाच जाणार. जे कळवलेच नाही ते माणूस लक्षात कसे ठेवील?

पाहून झाले, की विभागात वर्दळ कमी असेल तेव्हा त्यांच्याच टेबलापाशी बसून एकच प्रश्न विचारावा : ‘काका, गाडी बदलली हे आपल्याला केव्हा कळतं?’ आणि मग गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागला, तर तो रिकामा वेळ आपण भरून काढू नये. बहुतेक वरिष्ठ इथेच उतावीळ होतात आणि तयार उपाय हातात ठेवतात. ‘वॉचमनने गाडी आत घेण्यापूर्वी मला फोन करावा’ असा उपाय काकांनीच सुचवला, तर तो पाळला जाण्याची शक्यता कितीतरी अधिक. त्यांचा उपाय आपल्या मनातल्या उपायापेक्षा थोडा कच्चा असला तरी आधी तोच करून पाहावा. तो फाटकावर लागू करून देणे मात्र आपले काम आहे, काकांचे नव्हे. आठवड्याने पुन्हा बसायचा दिवस तेव्हाच ठरवावा आणि त्या दिवशी एवढेच पाहावे, की किती गाड्यांचे क्रमांक ऐनवेळी बदलले आणि त्यांतले किती वेळेवर दुरुस्त झाले. चलन, पॅकिंग, हजेरी हे विषय त्या बैठकीत आणू नयेत.

प्रश्न विचारण्याची ही पद्धत सगळीकडे लावू नये. ज्या किमतीपुढच्या मालाला ई-वे बिल लागते ती मर्यादा आंतरराज्य मालासाठी ५०,००० रुपये आहे आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती १ लाख रुपये आहे. हा फरक ज्याला ठाऊकच नाही, त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारणे हा छळ आहे. तिथे सरळ शिकवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांमध्ये नवख्या कामगारांना घडवण्यासाठी जी चार पायऱ्यांची रीत रूढ झाली आणि पुढे जपाननेही उचलली, ती आजही पुरेशी आहे : शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, कारणांसह काम करून दाखवणे, त्याच्याकडून ते बोलत-बोलत करून घेणे आणि नंतर अधूनमधून पाहत राहणे. आपल्याकडे तिसरी पायरी हमखास गाळली जाते.

माहिती आहे, वाटेतला अडथळाही दूर केला आहे आणि तरीही काम होत नाही, असे दिसले तर तो कोचिंगचा विषय राहत नाही. तेव्हा अपेक्षा काय आणि कधीपर्यंत, हे स्पष्टपणे लेखी द्यावे. शिस्तीच्या कारवाईला कोचिंगचे नाव दिले, तर इतर सहकारी पुढे प्रत्येक बैठकीला घाबरतील.

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीडर आहे. नवी मुलगी हुशार आहे, पण प्रत्येक बारीक गोष्ट मला विचारते. उत्तर देणे सोपे वाटते म्हणून मी देतो आणि माझे काम रात्रीवर जाते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सुरुवातीच्या काही आठवड्यांत तिने विचारणे योग्यच आहे, तेव्हा हात आखडता घेऊ नका. त्यानंतर मात्र प्रश्नासोबत तिने स्वतःला सुचलेला मार्गही आणावा, एवढी एकच अट घाला. तो मार्ग चालण्याजोगा असेल तर ‘कर’ म्हणा. आपली पद्धत निराळी आहे म्हणून तो बदलू नका. ग्राहकाचा डेटा किंवा चालू सर्व्हर यांना धक्का लागेल अशी कामे कोणती, त्यांची यादी तिच्याजवळ असू द्या, म्हणजे कुठे विचारलेच पाहिजे हे तिला ठाऊक राहील. आणि थोडे स्पष्ट लिहितो : सगळे आपल्याकडेच विचारायला येतात, हे कित्येक टीम लीडरांना मनातून आवडत असते. आपल्याला ते आवडते का, हे तिच्याशी बोलण्यापूर्वी स्वतःला विचारून घ्या.