फोंड्याचं जुनं घर, ओली भिंत आणि पीव्हीसी पॅनेल

तुमची पोस्ट वाचली. गोव्यात फोंडा तालुक्यातलं आजोबांचं चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, तुम्ही मुंबईत, यंदा चवथीला, गणपतीला, सगळे जमणार म्हणून त्याआधी घर सजवायचं. वसरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीचे पोपडे पीव्हीसी पॅनेलखाली झाकायचे, हॉलला पीओपीचं सीलिंग, अंगणात कृत्रिम गवत, वर दिव्यांच्या माळा. आणि विचारलंय एवढंच की टेक्श्चर पेंट कुठल्या रंगाचा घेऊ. आमच्या सासरच्या घरी, डिचोलीच्या बाजूला, एक इंटिरिअरवाली कंपनी जवळपास हीच यादी घेऊन आली होती. म्हणून सांगते, रंगाचं नंतर बघा, आधी भिंतीचं बघा.

मी आर्किटेक्ट नाही की इंजिनिअर नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली बाई आहे, ओल्या भिंतीशी मात्र बरीच वर्षं संसार केलाय. तुमच्या भिंती मातीच्या असतील तर माझं ऐकू नका, त्यांचं गणित वेगळं. कौलं चाळून घेणं, वायरिंग, वाळवीचं औषध हे केलंच असेल असं धरते.

चिरा पाणी शोषतो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते, बहुतेक कमरेएवढी. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा केला, कारण चुना ओल धरतो तशी उन्हाळ्यात सोडूनही देतो. जोत्यापाशी डाग पडायचे, पावसानंतर चुन्याचा हात मारला की भिंत पुन्हा पांढरी. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि वर अॅक्रिलिक रंग चढवला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती आणखी वर चढते, येताना क्षार आणते, ते रंगाच्या मागे सुकतात, फुगतात आणि रंगाला ढकलून देतात. आपण म्हणतो लोणा लागला. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. एवढं पाणी घराभोवती चार महिने उभं असताना पॅनेल लावून काय होणार? ओल पॅनेलच्या मागे राहील, बुरशी तिथेच वाढेल, तुम्हाला फक्त वास येईल. आणि वास आला की लोक रूम फ्रेशनर आणतात, भिंत उघडत नाहीत.

आता त्या कंपनीचं. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. ऑफिस मात्र झकास होतं, एसी, कॉफी, लॅपटॉपवर आमच्याच घराचं थ्रीडी चित्र. घर सामायिक, काम दिरांच्या देखरेखीखाली. वसरीत बाकाच्या वर, साधारण डोक्याच्या उंचीला, कावीची पट्टी होती. पांढऱ्या चुन्यावर तांबडी वेल, मधे मधे कंपासने आखल्यासारखी फुलं, एका फुलाची पाकळी अर्धीच राहिलेली. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं काम. कंपनीच्या पहिल्या सादरीकरणात ‘आधी’ म्हणून जो फोटो होता त्यात ती पट्टी स्पष्ट दिसते. म्हणजे ती त्यांनी पाहिली होती. तरी एस्टिमेटमध्ये एक ओळ होती, ‘जुना चुना खरवडणे, प्रति चौरस मीटर’. सासूबाई देवदर्शनाहून परत आल्या तेव्हा बाकावर तांबडा भुगा पडलेला. कामाचा पोऱ्या म्हणाला, आजी, जुना रंग आहे, काढल्याशिवाय पुट्टी धरत नाही. ती पट्टी उतरवल्याचे पैसे आमच्याकडूनच, मीटरच्या हिशेबाने, घेतले गेले.

त्यावर सिमेंट, पुट्टी, बदामी टेक्श्चर. चवथीला सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या पावसात खालून पांढरी लव उठली. बोट लावलं तर पिठासारखी हाताला यायची, आणि भिंतीवर टिचकी मारली की पोकळ वाजायची. ऑफिसात फोन केला. डिझायनर म्हणाली, साइटवाल्यांशी बोला. साइटवाले म्हणाले, माल कंपनीने दिलेला, त्यांना विचारा. पेंटवाल्यांचा माणूस आला, भिंतीला यंत्र टेकवलं आणि म्हणाला, ही स्ट्रक्चरची ओल आहे, आमच्या स्कोपमध्ये येत नाही. वॉरंटी कार्ड काढून बघितलं तर बारीक अक्षरांत खरंच लिहिलेलं, आतून येणारी ओल वगळून. अहो, चिऱ्याच्या घरात ओल आतूनच येते! मग त्याच ऑफिसने वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर दिला. त्याने भिंतीला भोकं पाडून केमिकल भरलं, वेगळं बिल केलं, आणि ओल त्या भोकांच्या वरून निघाली. काम सरो वैद्य मरो. शेवटी दीर स्वतः गेले तर रिसेप्शनवरच्या मुलीने ‘सर मीटिंगमध्ये’ म्हणून वाटेला लावलं. टोलवाटोलवी सरकारी ऑफिसात होते असं लोक म्हणतात. मी जन्मभर तिथेच बसले, एवढी सफाई आमच्यातही नव्हती.

तर तुमच्या इंटिरिअरवाल्याला एकच विचारा, लेखी. चुन्याच्या गिलाव्याचं काय करणार आहात? ‘खरवडणार’ हे उत्तर आलं की चहा पाजून निरोप द्या. सगळेच असे नसतात हे मान्य, चुन्याचं काम समजणारे आर्किटेक्ट गोव्यात आहेत. पण ते तुम्हाला शोधावे लागतील, ते तुम्हाला थ्रीडी चित्र घेऊन शोधत येणार नाहीत.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे घरच्या घरी बघता येतं. हातभर प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीची. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेची, मग खिडक्या उघड्या ठेवणं आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं एवढ्यानेही बरंच भागतं.

भिंतीची निघाली तर यंदाच्या चवथीपूर्वी ती सजवायचा नाद सोडा. वाईट वाटेल, पण पावसाळा तोंडावर आहे. आम्ही पुढे जे केलं ते असं. दिवाळी उलटल्यावर सिमेंट कमरेच्या वरपर्यंत काढलं, चिरे उघडे ठेवले. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, पाण्याने धुवायचे नाहीत, धुतले की पुन्हा आत जिरतात. भिंत उघडी असतानाच आगराच्या, म्हणजे बागेच्या, बाजूची माती खणून जमीन जोत्याच्या पातळीखाली उतरवली, कारण वर्षानुवर्षं माती साचून बाहेरची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा उंच झाली होती. निम्मी ओल तिथूनच. कंपनीच्या थ्रीडीत ती बाजू दाखवलेलीच नव्हती. मग चुना आणि वाळूचा गिलावा, एकास तीन, पातळ थरांत, प्रत्येक थर ओलसर ठेवत. त्यावर विरवलेल्या चुन्याचे पातळ हात. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कळीचा चुना पाण्यात उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

कावी पुन्हा करायची असेल तर ती रंगकाम नाही हे लक्षात ठेवा. ओल्या चुन्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेला थर देतात, घोटतात, आणि तो सुकायच्या आत टोकदार लोखंडाने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे अॅक्रिलिकवर ब्रशने काढलेली वेल कावीसारखी दिसेल, कावी होणार नाही. तुमच्याच तालुक्यातल्या आडपईचे सागर नाईक मुळे या कलेत काम करतात, आधी त्यांचं काम बघून घ्या.

यंदा चवथीला काय करायचं? काढता येईल असं सगळं. खराब भिंतीसमोर, तिला न चिकटवता, दोन खांबांवर बांबूची काठी आणि त्यावर कुणबी पट्ट्याचं कापड सोडा. मागून हवा खेळेल, चवथ संपली की घडी करून पेटीत. समया बिंबलांनी, त्या आंबट फळांनी, घासा, कुठलाही विकतचा पॉलिश त्यापुढे फिका. डिचोलीच्या कुंभारांकडून मातीच्या पणत्या आणि कुंड्या घ्या, कुंकळ्ळीच्या चितारींचं लाकडावरचं लाखेचं रंगीत काम अजून मिळतं, देव्हाऱ्याजवळ चौरंग म्हणून शोभतं. नवं लाकूडकाम करायचंच असेल तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या, आणि एमडीएफला, त्या लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांना, गोव्याच्या घरात पाय ठेवू देऊ नका. जूनमध्ये फुगतं, ऑक्टोबरमध्ये कडा सुटतात.

सीलिंगचं तर मला कळतच नाही. पीओपी लावल्यावर माटोळी कशाला बांधणार? बाप्पाच्या डोक्यावर ती लाकडी चौकट वाशांना टांगायची असते, त्यावर नारळ, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरिंगं, चिबूड. वजन काही थोडं नसतं. आमच्या शेजारच्या घरात पीओपीत हुक मारून बांधली, ऐन दुपारी चिबूड आणि सीलिंगचा तुकडा एकदमच खाली, नशीब खाली कुणी बसलं नव्हतं. शिवाय माकडांनी कौल हलवलं की गळती वाशावर लगेच दिसते, सीलिंग असेल तर डाग उमटेपर्यंत पत्ता लागत नाही. वर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, बिऱ्हाड करतो ते वेगळंच. वासे तेल लावून उघडे ठेवा, दिवे त्यांनाच टांगा. हॉलला यापेक्षा चांगली सजावट मला तरी माहीत नाही.

अंगणात कृत्रिम गवत नको. उन्हात तापतं, पावसात खाली पाणी साचतं, आणि गवताखाली काय येऊन बसलंय ते दिसत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये कोकमाची सोलं आणि सुपारी कुठे वाळवणार? अंगण सारवा, जमत नसेल तर चिऱ्यांचे तुकडे मातीत बसवा, मधल्या फटी सिमेंटने भरू नका. पागोळ्या पडतात तिथे वीतभर रुंद खडीचा पट्टा करा, म्हणजे चिखल उडून भिंतीचा पाया रंगत नाही. ही छोटी गोष्ट, पण माझ्या मते अख्ख्या यादीत सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी. पावसाच्या झडीच्या बाजूला चुडतांची मल्लं, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले आडोसे, लावायची जुनी पद्धत अजून चालते, प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्रीपेक्षा दिसतेही बरी. तुळशीवृंदावन तुळशीच्या लग्नाआधी रंगवतातच, तिथे हौस भागवा, हवा तो रंग लावा. फुलझाडांत अबोली आणि जास्वंद जमिनीत लावा. दिव्यांच्या माळा आयपी ६५ च्या, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाणाऱ्या, घ्या, जोड उघडे ठेवू नका.

आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या. पोस्टमध्ये तुम्ही ‘पोर्तुगीज लुक’ लिहिलंय. तुमच्या फोटोत मधे राजांगण दिसतंय, म्हणजे घर आतल्या चौकाकडे तोंड करून बांधलेलं. त्याला पुढे बाल्कांव, ती दारापुढची बाकांची पोर्तुगीज पद्धतीची ओसरी, चिकटवून रस्त्याकडे वळवू नका, दोन्हीकडून फसेल. आझुलेजू, म्हणजे रंगवलेल्या पोर्तुगीज टाइल्स, आवडत असतील तर घराच्या नावाची पाटी करून घ्या, पुरे. खरी बघायची तर पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत १९३५ सालची आहेत, जाऊन बघा, मग ऑनलाइन मिळणाऱ्या छापील स्टिकरची हौसच राहणार नाही. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्यांचंही तसंच. तो चपटा शिंपला वास्कोजवळच्या चिखलीच्या खाडीत अजून सापडतो, पण वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. नवे शिंपले कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या भंगारवाल्यांकडे निघतात, त्या बघा, मात्र चौकटीला वाळवी नाही ना हे स्क्रूड्रायव्हर टोचून तपासा.

पॅनेलची ऑर्डर दिली असेल तर उरलेले पैसे तूर्त देऊ नका. आणि वसरीच्या त्या भिंतीचा एक फोटो इथे टाका, जमिनीपासून दोन हातांपर्यंतचा, फ्लॅश न लावता, बाजूने उजेड पडेल असा. बाहेरून त्याच भिंतीला माती कुठपर्यंत लागलीय तोही एक काढा. पोपड्याखाली जुना चुना दिसतो की सिमेंट, हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.