पोर्ट दिसतो, पण उघडत नाही

लिनक्सवर हॅम रेडिओ : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे : सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, पण रेडिओशी बोलायला तयार नाही. टर्मिनलमधल्या आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत. आपण हवेवर कॉलसाइनचं स्पेलिंग सांगतो, तशा मी त्या इथे सांगतो आहे. ‘जागा’ म्हटलं की स्पेसबार.

प्रश्न : मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते. नुकताच व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं माझं नाव, मिळाला. घरी आयकॉमची आयसी-७३०० रिग (रेडिओ संच) आणि लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एफटी८ या डिजिटल संदेशपद्धतीसाठी डब्ल्यूएसजेटी-एक्स घेतलं, पण रिग जोडली की हॅमलिबची (रिगशी बोलणाऱ्या भागाची) एरर येते. एका मित्राने टर्मिनलमधून ‘सुडो’ लावून चालवायला सांगितलं, तेव्हा चाललं. मेनूतून उघडलं की मात्र पुन्हा तीच एरर, आणि सुडोने चालवताना केलेले क्यूएसओ (संपर्क) लॉगमध्ये दिसतच नाहीत. शिवाय वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या पट्ट्यावर, रेघा भरपूर असून डीकोड (उलगडलेला संदेश) एखाददुसराच होतो. इन्स्टॉल करताना काही राहिलं का?

उत्तर : ताई, इन्स्टॉल करताना काहीच राहिलेलं नाही. पुन्हा काढून पुन्हा टाकत बसू नका, त्याने फरक पडणार नाही. अडलंय ते परवानगीपाशी.

रिगची यूएसबी केबल लावली की लिनक्स तिचा एक सीरियल पोर्ट तयार करतं. तो उघडायचा हक्क दोघांनाच असतो : रूटला, म्हणजे सिस्टीमच्या सर्वाधिकारी मालकाला, आणि ‘डायलआउट’ या गटातल्या माणसांना. मोडेमवरून फोन फिरवायच्या काळातलं हे नाव. माझी उभी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, त्यामुळे ते दिसलं की मला अजून बरं वाटतं. तुमचं युजरनेम त्या गटात नाही, एवढंच. आज्ञा अशी : सुडो, जागा, युजरमॉड, जागा, वजा चिन्ह आणि त्याला चिकटून लहान ए व मोठा जी, जागा, डायलआउट, जागा, तुमचं युजरनेम. यातला लहान ए चुकूनही गाळू नका. तो नसेल तर तुम्ही डायलआउटमध्ये जाल खऱ्या, पण बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडाल. त्यात सुडोचा गटही आला, म्हणजे झालेलं निस्तरायलाही हात बांधलेले. आज्ञा दिल्यावर पूर्ण लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. मग ‘ग्रुप्स’ ही एका शब्दाची आज्ञा द्या, यादीत डायलआउट दिसलं की काम झालं.

मित्राचा सल्ला मदतीच्या भावनेनेच आला असणार, पण रेडिओचं सॉफ्टवेअर रूट होऊन चालवू नये. तुमचे क्यूएसओ हरवलेले नाहीत, ते दुसऱ्याच्या घरात लिहिले गेलेत. सुडोने चालवलं तेव्हा प्रोग्रॅमला वाटलं मालक रूट आहे, आणि त्याने रूटच्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात स्वतःच्या नावाचं फोल्डर करून लॉग ठेवला. तुमच्या होममध्येही असंच फोल्डर आहे. नावाआधी टिंब असल्याने ते लपलेलं असतं, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसेल. रूटच्या फोल्डरमधली एडीआय एक्स्टेन्शनची फाइल (तोच लॉग) सुडो लावून आपल्या होममध्ये कॉपी करा, पण मूळ लॉगच्या डोक्यावर नको, वेगळ्या नावाने. मग ‘चोन’ (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन) आज्ञेने तिची मालकी स्वतःकडे घ्या. क्यूलॉगसारख्या लॉगिंग प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली इंपोर्ट केल्या की सगळे क्यूएसओ एकत्र येतील.

सेटिंग्जमध्ये पोर्ट निवडताना ‘टीटीवाययूएसबी शून्य’ असं छोटं नाव घेण्यापेक्षा ‘सीरियल, बाय-आयडी’ या फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या. त्यात सिलिकॉन लॅब्जचं नाव दिसेल. उद्या दुसरी एखादी केबल आधी लावली तर शून्याचा एक होतो आणि आपण तासभर रिगला दोष देत बसतो. लांब नाव बदलत नाही. रिगच्या मेनूत डेटा मॉड्युलेशन ‘यूएसबी’वर आहे ना, तेही बघून घ्या.

आता डीकोड. एफटी८ मध्ये काळ १५ सेकंदांच्या खणांत वाटलेला असतो. प्रत्येक प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं, आणि घड्याळ सेकंदभर जरी पुढेमागे असलं तरी डीकोड गळायला लागतात. प्रत्येक डीकोडपुढे ‘डीटी’ नावाचा रकाना असतो, नवीन माणसं तिकडे बघतच नाहीत. त्यात सगळ्यांचे आकडे शून्याच्या आसपास हवेत. एखादाच १.४ असेल तर घड्याळ त्या पाहुण्याचं चुकलंय. सगळेच १.४ असतील तर ते तुमचं आहे, आणि ते पुढे धावतंय. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ लिहिलं की सिस्टीमचं घड्याळ इंटरनेटशी जुळलंय का ते कळतं. मी स्वतः ‘क्रोनी’ वापरतो. ते एकदा इन्स्टॉल करावं आणि विसरून जावं. जुन्या लॅपटॉपच्या बोर्डावरचा बटणसेल गेलेला असतो, म्हणून दर वेळी चालू करताना वेळ भलतीच असते. किल्ल्यावर रिग नेलीत आणि रेंज नसली तर यूएसबी जीपीएस आणि क्रोनी ही जोडी वेळ अचूक ठेवते. ही वेळेची शिस्त घालून दिली जो टेलर यांनी. बायनरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे तेच टेलर. स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत त्यांनी २०१७ मध्ये एफटी८ आणलं, त्यातला एफ फ्रँकेंचा आणि टी टेलरांचा. गोंगाटाच्या खाली बुडालेला सिग्नल वर काढायचा तर तो नेमका कधी सुरू होणार हे आधी ठाऊक असावं लागतं, एवढ्यासाठी घड्याळाचा हा हट्ट.

एक आगाऊ सूचना. रिग जोडली की मिंट कधीकधी तिच्या साउंडकार्डलाच मुख्य स्पीकर मानून बसतं. साउंड सेटिंग्जमध्ये मुख्य आउटपुट लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवा, आणि यूएसबी ऑडिओ कोडेक फक्त डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या ऑडिओ पानावर निवडा. नाहीतर तुमच्या सीक्यूच्या (सर्वांना घातलेल्या सादेच्या) मधोमध व्हॉट्सॲपची टिंग जपानपर्यंत जाईल. रिगच्या पडद्यावरचा एएलसीचा काटा (आवाज जास्त झाला की हलतो तो) हलेनासा होईपर्यंत डब्ल्यूएसजेटी-एक्समधली उजवीकडची पॉवरची पट्टी खाली ओढा.

आणि ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या तुमच्या चौकोनाचा कोड, भरताना जपा. विसावं अक्षवृत्त तुमच्या शहरातूनच जातं. शहराचा दक्षिणेकडचा भाग एमके६९ मध्ये, उत्तरेकडचा एमएल६० मध्ये. फोनवर घराचे अक्षांश बघून काय ते ठरवा. ग्रिड जमवणारे लोक या एका आकड्यासाठी जागतात हो.

प्रश्न : रत्नागिरी. हँडसेट प्रोग्रॅम करायला चर्प घेतलं. उबुंटू २२.०४ आहे. डायलआउटचं सगळं केलं, पण केबल लावली की पोर्ट दोन सेकंद दिसतो आणि गायब होतो. दुकानदार म्हणतो केबल बदलून देतो.

उत्तर : केबल राहू द्या. केबल लावल्यावर लगेच ‘सुडो, जागा, डीमेसेज’ चालवा (शेवटचं स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी) आणि शेवटच्या ओळी वाचा. तिथे सीएच३४१ चं नाव आणि त्याच्या शेजारी बीआरएलटीटीवाय असं दिसलं तर चोर सापडला. हा प्रोग्रॅम अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठी आहे. काही ब्रेल पट्ट्यांत तुमच्या केबलमधलीच चिप असते, ओळखक्रमांकही तोच, त्यामुळे तुमची केबल आपलीच समजून तो ती ताब्यात घेतो. उबुंटू २२.०४ आणि त्यावर उभ्या असलेल्या मिंट २१ वर हे सर्रास होतं. ‘ॲप्ट रिमूव्ह’ने तो काढा, केबल उपसून परत लावा. मात्र घरातलं कुणी त्याच संगणकावर ब्रेल पट्टी वापरत असेल तर काढू नका, फक्त त्या चिपचा नियम बंद करून घ्या. आपल्या छंदात अंध ऑपरेटर कमी नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि चर्पमध्ये पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. हँडसेटमधली मूळ माहिती डाउनलोड करून वेगळी जपून ठेवा, मगच चॅनेल भरा.

प्रश्न : हॅम रेडिओसाठी सर्वांत चांगलं लिनक्स कोणतं?

उत्तर : जे तुमच्या मशिनवर आधीच नीट चालतंय ते. डेबियनमध्ये हॅमरेडिओच्या नावाने गठ्ठे बांधून ठेवलेत : लॉगिंगचा वेगळा, सॅटेलाइटचा वेगळा, मोर्सचा वेगळा. सोय उत्तम आहे, पण सगळे गठ्ठे एकदम ओतू नका. मेनूत चाळीस चिन्हं येतात आणि माणूस एकही उघडत नाही. माझ्याकडे भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन आणि मोजून पाच प्रोग्रॅम. रिपॉझिटरीतली आवृत्ती थोडी जुनी असते. तुमचं काम होत असेल तर असू द्या जुनी.

प्रश्न : मी कोल्हापूरला इंजिनीअरिंगला आहे. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) घेतलं. अंतराळ स्थानकावरून येणारी एसएसटीव्ही चित्रं (रेडिओवर आवाजाच्या रूपात येणारी स्थिर चित्रं) पकडायची आहेत. टेस्ट चालवली की डोंगल सापडतं, पण ‘क्लेम इंटरफेस एरर वजा ६’ येते. काका, डोंगल खराब आहे का?

उत्तर : नाही रे. तुझं डोंगल मुळात टीव्हीचं आहे, आणि कर्नल इमानेइतबारे त्याला टीव्हीच समजतो. त्याचा ड्रायव्हर आधी बसतो, मग तुझ्या प्रोग्रॅमला जागा मिळत नाही. ‘सुडो, जागा, मॉडप्रोब, जागा, वजा आर, जागा’ आणि पुढे ड्रायव्हरचं नाव : डीव्हीबी, अंडरस्कोर, यूएसबी, अंडरस्कोर, आरटीएल२८एक्सएक्सयू. आत्तापुरता तो उठेल. कायमचा उठवायचा असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरमध्ये कॉन्फ एक्स्टेन्शनची फाइल करून त्यात ‘ब्लॅकलिस्ट’ हा शब्द आणि पुढे तेच नाव, एवढी एक ओळ लिही. संगणक रीस्टार्ट कर.

मग जीक्यूआरएक्स हे ऐकायचं सॉफ्टवेअर घे. डेबियन-उबुंटूत पॅकेजच्या नावामागे डॅश आणि एसडीआर आहे, ते विसरलास तर सापडणार नाही. स्थानक कधी उगवतं ते सांगणाऱ्या जीप्रेडिक्टमध्ये कोल्हापूरचे अक्षांश-रेखांश भर आणि उपग्रहांची कक्षामाहिती ताजी करून घे. आठवड्यांची शिळी माहिती असेल तर स्थानक मावळल्यावर तू अँटेना वर करशील. चित्रं रोज येत नाहीत, एरिस ही संस्था जाहीर करते त्या दिवसांतच येतात. फ्रीक्वेन्सी १४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम. डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, उगवताना ती सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तेवढीच खाली सरकते. जीक्यूआरएक्सचा फिल्टर थोडा रुंद ठेवलास तर हात लावावा लागत नाही.

चित्र उलगडायला क्यूएसएसटीव्ही हा प्रोग्रॅम. मोड बहुतेक वेळा पीडी१२० असतो, एका चित्राला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. स्थानक डोक्यावर असतं जेमतेम दहा मिनिटं, म्हणजे दोनतीन पूर्ण चित्रं मिळाली तर चैन. जीक्यूआरएक्सचा आवाज क्यूएसएसटीव्हीला पोचवायला माइक स्पीकरपुढे धरायची गरज नाही. ‘पाव्हूकंट्रोल’ (पी, ए, व्ही, यू आणि पुढे कंट्रोल) इन्स्टॉल कर, क्यूएसएसटीव्हीमध्ये रिसीव्ह चालू कर, आणि चालू असतानाच पाव्हूकंट्रोलच्या रेकॉर्डिंग पानावर त्याच्यापुढे ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारा पर्याय निवड. रिसीव्ह बंद असेल तर ते नाव तिथे दिसतच नाही, पुष्कळ मुलं इथेच अडतात. आदल्या दिवशी कुठल्याही एसएसटीव्ही रेकॉर्डिंगवर एकदा रंगीत तालीम करून बघ. चित्र तिरकं आलं तर साउंडकार्डचा वेग किंचित चुकतोय, ऑप्शन्समध्ये कॅलिब्रेट आहे. ते स्थानक डोक्यावरून जायच्या आधी उरकून घे, वेळ लागतो त्याला.