आवड नसणे आणि नावड असणे

प्रश्न : वृत्तवाहिन्यांवर एकाच बातमीत कधी ‘राजद्रोह’ तर कधी ‘देशद्रोह’ म्हणतात. हे शब्द समानार्थी आहेत का?

नाहीत, आणि कितीदा सांगितले तरी पडद्याखालची पट्टी लिहिणाऱ्यांच्या ते गळी उतरत नाही. भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातलेले कलम १२४अ राजद्रोहाचे होते. त्यातला गुन्हा सरकारविरुद्धचा, देशाविरुद्धचा नव्हे. भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचे कलम १२१ वेगळे होते. ‘देशद्रोह’ नावाचे कलम त्या संहितेत नव्हतेच. इतकेच काय, मूळ इंग्रजीत ‘सिडिशन’ हा शब्दसुद्धा फक्त कलमाशेजारी समासात छापलेल्या मथळ्यात होता, कलमाच्या पोटात नाही.

पोटात होता तो ‘डिसअफेक्शन’, मराठीत ‘अप्रीती’. सरकारबद्दल ती चेतवणे हा गुन्हा. ‘द्रोह’ सरळ आहे, मित्रद्रोहातला, त्यावर वेळ घालवत नाही. खरी गोम अप्रीतीतल्या ‘अ’मध्ये आहे. संस्कृत वैयाकरणांनी या नकाराचे, म्हणजे नञाचे, सहा अर्थ मोजून ठेवले आहेत:

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता ।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः ॥

म्हणजे क्रमाने सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, अल्पता, वाईटपणा आणि विरोध. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, बारीक पोटाची, तिथे अल्पता. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. ‘अमित्र’ मात्र नुसता मित्र नसलेला नव्हे, उघड शत्रू, तिथे विरोध. मग ‘अप्रीती’तला नकार कोणता, अभावाचा की विरोधाचा? साध्या मराठीत, आवड नसणे की नावड असणे?

यावर माणसे तुरुंगात गेली आहेत. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील मजकुरावरून टिळकांवर खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीचा अभाव. आणि लगेच पुढे द्वेष, वैर, तिरस्कार अशी यादी जोडली. अहो, अभाव की विरोध, एक काय ते धरा! अभाव धरला तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक संपादक गुन्हेगार, कारण नावडतीचे मीठ अळणीच लागणार. नऊपैकी सहा ज्यूरींनी दोषी म्हटले, अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. स्ट्रॅचींना या सहांतले बाकीचे अर्थ सोडा, दुसरा आणि सहावा यांतला फरकही कळला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच वर्षी, त्याच मुंबई उच्च न्यायालयात, सातारा जिल्ह्यातल्या ‘प्रतोद’ पत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हा गुंता सोडवला. अप्रीती म्हणजे प्रेमाचा नुसता अभाव नव्हे, राजनिष्ठेला सोडून जाणारा प्रत्यक्ष तिटकारा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे सहावा अर्थ. (प्रतोद म्हणजे चाबूक. आता तो विधिमंडळात आमदारांवर उगारला जातो.) १८९८ च्या दुरुस्तीत कलमाच्या स्पष्टीकरणात निष्ठाहीनता आणि वैरभावना हे शब्द आले, तेही विरोधाच्या बाजूचे. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी आवळले: हिंसेला चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याची प्रवृत्ती नसेल, तर कडक टीकाही राजद्रोह नाही.

काही जण डिसअफेक्शनला ‘असंतोष’ हा प्रतिशब्द देतात. तो निखालस चुकीचा आहे. पाणीपट्टी वाढली की असंतोष होतो, त्यासाठी सरकारचा तिटकारा यावा लागत नाही. टिळकांना ‘असंतोषाचे जनक’ म्हणणे म्हणजे १२४अ खाली दोषी ठरवणे नव्हे.

हो, पट्टीचे राहिलेच. एफआयआरमधला कलमाचा आकडा आधी पाहावा. जुन्या संहितेतले १२४अ असेल तर ‘राजद्रोहाचा आरोप’ लिहावे. ११ मे २०२२ च्या आदेशाने ते कलम सर्वोच्च न्यायालयाने स्थगितच ठेवले होते. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतले १५२ असेल तर त्यात सरकारबद्दलची अप्रीती नाही. फुटीरपणा, सशस्त्र बंड, देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे असे शब्द आहेत. तेव्हा ‘कलम १५२ खाली गुन्हा’ एवढेच लिहावे. १४७ असेल तर ‘युद्ध पुकारल्याचा आरोप’. आणि निकाल लागेपर्यंत कोणत्याही आकड्यापुढे ‘देशद्रोही’ हे विशेषण लावू नये.