छायापत्रकारावर माहितीपट करताना
बेळगावातील ज्येष्ठ छायापत्रकारावर आपण माहितीपट करीत आहात, तर त्यांना थेट कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारण्याऐवजी पुढ्यात लाइटबॉक्स (खालून उजळणारी पेटी) आणि जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या (कर्नाटकातील समावेशाविरुद्ध सीमाभागातील मराठी भाषकांचा निषेध) फेरीत ते कुठे उभे होते, कोणते छायाचित्र छापले गेले आणि कोणते राहून गेले, हे ते बोट ठेवून सांगू लागतील. ३५ मिलिमीटरच्या रोलवर जेमतेम ३६ छायाचित्रे मिळत; ती काटकसर पडद्यावर दिसली पाहिजे. पट्ट्या कडेनेच धराव्यात, आधीच इथल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. हक्कांची चौकशीही आधीच करावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, पगारी छायाचित्रकाराच्या कामावर वृत्तपत्राचा हक्क नियतकालिकातील प्रसिद्धीपुरताच असतो. पार्श्वसंगीत (मोह होतोच) शक्यतो टाळावे.