चोरीचा आळ, आणि मालकाने लिहून मागितलेला कागद

प्रश्न : तालुक्याच्या गावी एका सराफी पेढीवर मी सहा वर्षं काउंटर सांभाळते. गेल्या आठवड्यात साठा मोजताना १८ ग्रॅमची एक बांगडी कमी भरली. मालक म्हणतात, ‘तूच घेतलीस. तसं लिहून दे आणि हप्त्याने भर, म्हणजे तक्रार पुढे नेत नाही.’ पोलीस ठाण्यातून दोनदा फोन आला, ‘येऊन जा’ म्हणून. मी चोरी केलेली नाही, पण तसा पुरावा माझ्याकडे काहीच नाही.

उत्तर : ताई, तो कागद लिहून देऊ नका.

निर्दोष असल्याचा पुरावा तुम्ही द्यायचा नसतो. बांगडी दुकानात होती आणि ती तुम्हीच लबाडीने नेली, हे सरकारी पक्षाने संशयापलीकडे सिद्ध करायचं असतं. आज त्यांच्याकडे साठ्यातली तूट आणि तुमच्यावरचा संशय, एवढंच आहे. उरलेली पोकळी अनेकदा आरोपीच भरून देतो. पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही, पण मालक म्हणजे पोलीस नव्हे. त्यांना लिहून दिलेली कबुली, अगदी ‘माफ करा, चूक झाली’ एवढा व्हॉट्सॲप मेसेजसुद्धा, पुराव्यात येऊ शकतो. ‘दबावाखाली लिहिलं’ हे नंतर न्यायाधीशांना पटवणं फार जड जातं. एक हप्ता भरलात तरी ‘घेतली नव्हती तर पैसे का दिले?’ हा प्रश्न येणारच. आधीच काही लिहून दिलं असेल तर ते कोणत्या परिस्थितीत घेतलं, हे वकिलामार्फत मालकांना स्पीड पोस्टाने लगेच कळवा. जितका उशीर, तितका खुलासा लंगडा.

आता पोलिसांचं. पुन्हा फोन आला की शांतपणे विचारा : गुन्हा नोंदवला आहे का, क्रमांक आणि कलम काय, तपास अधिकारी कोण, मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? उत्तरं तारीख-वेळेसह लिहून ठेवा. नोकराने मालकाच्या मालाची चोरी करणं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली लेखी नोटीस द्यावी लागते (पुढची कलमंही याच संहितेची). ती मिळाली की ठरल्या वेळी हजर राहाच; न गेल्यास तेच अटकेचं कारण होतं. जबाबासाठी साक्षीदार म्हणून बोलावणार असतील, तर स्त्रीला घराबाहेर कुठेही येण्याची सक्ती करता येत नाही (कलम १७९). सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही; अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच ती करायची असते. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या पंचनाम्यावर तर मुळीच नाही. घराची झडती झाली तर तिचं चित्रीकरण करणं आता कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. कॅमेरा चालू आहे का ते पाहा आणि जप्तीच्या यादीची प्रत मागा.

अटकेची भीती खरी वाटत असेल तर सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. त्यासाठी गुन्हा नोंद होण्याची वाट पाहावी लागत नाही.

खरी घाई आहे ती सीसीटीव्हीची. बहुतेक दुकानांतल्या रेकॉर्डरवर जुनं चित्रीकरण पंधरा ते तीस दिवसांत पुसून नवं चढतं, आणि तुमचा आठवडा गेला आहे. मोजणीचा दिवस आणि त्याआधीची सगळी उपलब्ध फुटेज जपून ठेवावी, असं पत्र मालकांना आणि पोलीस ठाण्याला आजच द्या, पोच घ्या. गुन्हा नोंद झाल्यावर कलम ९४ खाली न्यायालयाकडूनही ती मागवता येते.

त्याच पत्रात बांगडीचा हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी क्रमांक मागा. तो सांगता आला नाही, तर नेमकी कोणती बांगडी गेली हेच डळमळतं. जांगड वही (पसंतीसाठी बाहेर दिलेल्या मालाची नोंद), पॉलिशला किंवा कारागिराकडे दिलेल्या मालाची नोंद, आधीची मोजणी कधी झाली, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे असतात, काउंटरवर आणखी कोण बसतं, हे आठवेल तसं लिहून फक्त वकिलाला द्या. दोन मोजण्यांमध्ये तीन महिने गेले असतील, तर बांगडी कधी गेली हे कोण सांगणार? ‘त्या दिवशी मी नव्हतेच’ असं मात्र खात्री असल्याशिवाय म्हणू नका. तो बचाव घेतला की सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, आणि खोटा ठरला तर बाकीचं खरंही झाकोळतं. मोबाइलमधलं काहीही पुसू नका.

दोषारोपपत्र आलंच, तर त्याच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सोडून देण्याचा, अर्ज करता येतो (कलम २६२). तिथे न्यायालय मुख्यतः पोलिसांचीच कागदपत्रं पाहतं, त्यामुळे तुमची फुटेज आणि वह्या खटल्यात जास्त उपयोगी पडतील. निव्वळ परिस्थितीजन्य पुरावा असेल तेव्हा साखळीतली प्रत्येक कडी जुळली पाहिजे आणि दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितलं. अनेक हात फिरणाऱ्या काउंटरवर ती साखळी जुळवणं अवघड असतं.

थकवलेला पगार असेल तर त्याची मागणी वेगळ्या पत्राने करा, या वादात मिसळू नका. फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना नेमणुकीचा किंवा पगाराचा कागद, मालकांचे मेसेज आणि पोलिसांच्या फोनच्या नोंदी सोबत न्या.