मालकाचा विमा, भाडेकरूचं सामान

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहतो. घरमालक म्हणतात, 'घराचा विमा आहे, काळजी करू नका.' मी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. महापूर आला तर त्या विम्यातून आमच्या सामानाची भरपाई मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही ताई, मिळणार नाही. मालकांच्या पॉलिसीत त्यांची इमारत आणि फार तर त्यांचं स्वतःचं सामान येतं. तुमचा फ्रीज, कपाट, गाद्या यांची पॉलिसी तुमच्याच नावाने हवी. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मिळते. भाडेकरूला ती नुसत्या सामानाचीही घेता येते आणि पूर त्यात धरलेला असतो.

रक्कम ठरवताना ती वस्तू आज नवी घ्यायला किती लागतील ते लिहा. दागिन्यांचं कव्हर वेगळं मागावं लागतं, रोकड धरत नाहीत. स्कूटर यात येत नाही. तिचा नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, असेल तर पाण्यात गेलेल्या गाडीचा रुपयाही मिळत नाही.

तुमच्या शिलाईकामाची मला जास्त काळजी वाटते. ही पॉलिसी घरगुती वापराच्या वस्तूंची आहे. धंद्याचं मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड त्यात धरतील असं मानू नका. कंपनीला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, तिचीही चौकशी करा.

विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, म्हणून २०१९च्या पुरानंतर मी याच भागात फिरलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. एका घरात भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती, पण फ्रीज, कपाट आधीच भंगारात गेलेलं. वासाने जीव नकोसा होतो, लोक पहिल्यांदा घर धुऊन काढतात, त्यांना दोष कसा देणार? तरी आधी त्या रेघेसकट फोटो काढा, फ्रीजचा मॉडेल नंबर टिपा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत वस्तू फेकू नका. तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रतही मागून घ्या. सरकारी मदत वेगळी, विम्याचा क्लेम वेगळा. तो तुम्हालाच करावा लागतो.

पॉलिसी मे महिन्यातच घ्या. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागल्यावर कंपनी तयार होईलच असं नाही. आणि दर वर्षी नूतनीकरणाआधी पॉलिसीतल्या सामानाची यादी पुन्हा वाचा, मधल्या काळात घेतलेला टीव्ही, वॉशिंग मशीन त्यात घाला.