प्रश्न आलाय: नगरपरिषदेला सल्लागाराने सांडपाणी शुद्धीकरणासाठी एमबीआर (जिवाणूंनी साफ केलेलं पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून, गाळणारी पद्धत) सुचवलंय. एसबीआरपेक्षा (एकाच टाकीत आधी हवा देऊन, मग गाळ खाली बसवून वरचं पाणी काढणारी पद्धत) किती महाग पडेल?

मेंब्रेनची किंमत सगळे विचारतात, त्याच्या आधी केस-कचरा अडवणाऱ्या चाळणीची कोणीच विचारत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी होतो त्या प्रकल्पात लेखा विभागाने टेंडरमधून दोन मिलिमीटरची बारीक चाळणी काढून टाकली. "सहा मिलिमीटरची आहे ना, परत चाळणी कशाला?" सांडपाणी म्हणजे यांना जोंधळ्याचं पीठ वाटलं. मी फायलीवर विरोध नोंदवला, वरून 'पाहिले' अशी सही होऊन आली. पुढे मेंब्रेनवरचा दाब चढत गेला नि पाणी निघेना. क्रेनने कॅसेट, म्हणजे मेंब्रेनच्या पोकळ तंतूंची चौकट, वर घेतली, तर तंतूंच्या मुळाशी केस आणि दोऱ्यांच्या घट्ट वेण्या, मध्ये काळा गाळ थापलेला. हायपो (क्लोरीनचं द्रावण) झालं, सायट्रिक ॲसिड झालं. धुण्याच्या डोसला केस कुठले दाद देतात! पोरं हाताने उपटत बसली. ओढताना तंतू तुटला की गढूळ पाणी सरळ पलीकडे. आणि वर त्याच लेखाधिकाऱ्यांचा निरोप: वीजबिल फार येतंय, रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) बंद ठेवा. अहो, मेंब्रेन त्या हवेनेच घासलं जातं!

तर तुमचा हिशोब. ढोबळमानाने हजार लिटरला एसबीआर अर्ध्या युनिटच्या आसपास वीज खातं, एमबीआर पाऊण ते एक. आठ-दहा वर्षांनी मेंब्रेन बदलायचं, त्याचे पैसे दरवर्षी बाजूला काढायचे. नगरपरिषदा ते काढत नाहीत. बदल्यात टाक्या लहान होतात, कारण एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातलं जिवाणूंच्या गाळाचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) आठ-बारा हजारांवर चालवता येतं, आणि पाणी थेट पुनर्वापराच्या दर्जाचं मिळतं. म्हणून तुलना नुसत्या एसबीआरशी नको, एसबीआर अधिक यूएफशी (एसबीआरनंतर लावायची मेंब्रेनचीच वेगळी गाळणी) करा.

जागा नाही आणि पाणी घेणारा पक्का आहे, तरच एमबीआर. नागपूरच्या भांडेवाडी सांडपाणी प्रकल्पातलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तसं गिऱ्हाईक हवं. २०१६ च्या वीजदर धोरणात पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असं पाणी वापरावं असं आहेच. तुमच्या जवळ एखादं आहे का बघा. घेणारा नसेल तर एवढं स्वच्छ पाणी नाल्यात सोडायला वीज जाळू नका. गटारजोडण्या अर्धवट असतील तर आणखी वाईट. सांडपाणी निम्मं आलं म्हणून हवा निम्मी करता येतेच असं नाही.

हे सगळं पोकळ तंतूंच्या मेंब्रेनबद्दल. सपाट पडद्यांच्या (फ्लॅट शीट) मेंब्रेनला केसांचा त्रास कमी, पण हवा जास्त लागते. चाळणी मात्र दोन्हींना हवीच, आणि टेंडरमधून ती कोणी काढली तर नाव-हुद्द्यासकट लेखी घ्या.